‘भरणं’ वेगळं, ‘पाणी टाकणं’ वेगळं : रोजच्या जागी माणसं कशी पाहावीत

“दिवसातून किती वेळा कूलर भरता?” हा प्रश्न मी एका उन्हाळ्यात नागपुरात घरोघरी विचारत फिरले. कूलर बनवणाऱ्या एका कंपनीचं काम होतं. टाकी किती मोठी करावी, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. उत्तर जवळपास ठरलेलं यायचं : “दोनदा. सकाळी अन् संध्याकाळी.” मी ते लिहून घेत होते.

मग त्यातल्याच एका घरी परवानगी घेऊन दिवसभर बसले. सकाळी काकूंनी अंगणातल्या नळाचा पाईप लावून टाकी काठोकाठ भरली. दुपारी पावणेदोनला त्यांची शाळकरी नात आली, स्टुलावर चढली आणि अर्धी बादली कूलरमध्ये ओतून गेली. सव्वातीनला परत, साडेचारला परत. संध्याकाळी काकूंनी पुन्हा पाईप लावला. मी म्हटलं, “काकू, पाच वेळा झालं की!” त्या म्हणाल्या, “अगं, ते काय भरणं झालं का? पोरगी नुसती पाणी टाकून राहिली.”

कोणी खोटं बोललं नव्हतं. त्या घरात ‘भरणं’ म्हणजे पाईप लावून काठोकाठ भरणं, आणि मधल्या वेळी बादलीनं ओतायचं ते ‘पाणी टाकणं’. माझ्या प्रश्नातला शब्दच चुकला होता. शिवाय उत्तर देणारी व्यक्ती एक आणि स्टुलावर चढणारी दुसरी. दिवसभर बसले नसते, तर या दोन्ही गोष्टी मला कधीच कळल्या नसत्या. डिझाइनसाठी माणसांना त्यांच्या जागी जाऊन पाहायचं ते एवढ्यासाठीच. या कामात नवीन येणाऱ्यांनी सुरुवात कशी करावी, ते मी केलं त्या क्रमानं सांगते.

आधी प्रश्न लहान करा

‘नागपूरकर उन्हाळा कसा काढतात’ हा प्रश्न घेऊन निघालात, तर संध्याकाळी भरलेली वही आणि रिकामं डोकं घेऊन परत याल. प्रश्नात डोळ्यांना दिसेल असं क्रियापद हवं. ‘लोकांना मेट्रो आवडते का’ हे दिसत नाही. ‘बर्डीच्या (सीताबर्डीच्या) मेट्रो इंटरचेंजवर ऑरेंज लाइनवरून ॲक्वा लाइनकडे जाताना माणूस कुठे थबकतो, वर पाहतो की शेजारच्याला विचारतो’ हे दिसतं. ‘कूलरमध्ये पाणी कोण, कधी, कशानं टाकतं’ हेही दिसतं. प्रश्न एका ओळीत मावला नाही तर तो अजून शिजलेला नाही, असं धरा.

विचारून मिळालेलं आणि पाहून मिळालेलं यांत अंतर पडतं, हे आपल्याच गावात घडतं असं नाही. अमेरिकन अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये कॅमेरे लावून आणि स्वतः उभं राहून माणसं कुठे बसतात ते टिपलं. शहरातली माणसं गर्दीपासून दूर जायचं म्हणतात; पण बसताना ती जिथे इतर माणसं आहेत तिथेच जाऊन बसत होती. आणि बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात, ही साधी गोष्ट त्यांना चौकात उभं राहून दाखवून द्यावी लागली.

पहिला सराव पोह्याच्या गाडीवर

थेट कोणाच्या घरात शिरू नका. आधी आठ दिवस सार्वजनिक जागी डोळा तयार करा. त्यासाठी तर्री पोह्याच्या गाडीसारखी शाळा नाही. सकाळी सात ते नऊ गाडी तापलेली असते, आणि एक माणूस येऊन, खाऊन, पैसे देऊन जाईपर्यंतचा सगळा व्यवहार दहा मिनिटांत डोळ्यांसमोर पूर्ण होतो. दुसरा माणूस लगेच तोच व्यवहार वेगळ्या तऱ्हेनं करून दाखवतो.

आधी स्वतः पोहे खा, पैसे द्या, मग गाडीवाल्या भाऊंना सांगा की मी शिकते आहे, अर्धा-पाऊण तास बाजूला उभी राहू का? गिऱ्हाइकाच्या आणि कढईच्या मध्ये येणार नाही एवढं पाहा. पहिली वीस मिनिटं वही बाहेर काढू नका. नुसतं उभं राहा. सुरुवातीला काहीच घडत नाही असं वाटेल. मग एकेक दिसायला लागतं. हेल्मेट कुठे ठेवतात? एका हातात प्लेट, दुसऱ्या हातात चमचा, मग क्यूआर कोड स्कॅन करायला मोबाइल कुठल्या हातात? काही जण प्लेट गाडीच्या काठावर टेकवतात, काही स्कूटरच्या सीटवर, काही जण आधी पैसे देऊन मोबाइल खिशात टाकतात आणि मगच प्लेट घेतात. गाडीवाले भाऊ मान वर करत नाहीत. पैसे आल्याचं साउंडबॉक्स बोलतो आणि त्यांचा हात तर्री वाढतच राहतो. वाहनांचा आवाज वाढला की ते काय करतात? तर्री पुन्हा हवी असेल तर माणूस तोंडानं मागतो की नुसती प्लेट पुढे करतो?

एवढं एका उभ्यात दिसलं तर पुष्कळ झालं. दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच वेळी परत जा. काल जे सगळ्यांचं वाटलं होतं ते दोघांचंच निघतं.

जागा आणि वेळ

प्रत्येक कामाचं स्वतःचं घड्याळ असतं. कळमन्याच्या बाजारात दुपारी बाराला जाऊन काय मिळणार? माल उतरण्याची आणि बोलीची वेळ तुम्ही झोपेत घालवलेली असते. बर्डीची संध्याकाळ आणि बर्डीची सकाळ ही दोन वेगळी गावं आहेत. इतवारीत, महालात, गोकुळपेठ मार्केटमध्ये वारानुसारही फरक पडतो. मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी महालात पाहिलेलं रोजचं समजू नका. ते त्या दिवसाचं आहे.

कूलरसाठी मी तीन वेळा ठरवल्या होत्या : नळाला पाणी येतं ती वेळ, दुपारी दोन ते पाच, आणि रात्री झोपण्याआधी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो त्या दुपारी बाहेर पडायला कोणाचंच मन घेत नाही, म्हणून नवखे लोक सकाळी दहाची वेळ धरतात. दहाला कूलरजवळ पाहण्यासारखं काही नसतं. टोपी, पाण्याची बाटली आणि दुपट्टा घ्या, पण दोनला जा. दोन तासांपेक्षा कमी वेळासाठी कोणाच्या घरी जाऊ नये, असं माझं मत आहे. पहिला तास पाहुणचारातच जातो.

ओळख आणि परवानगी

वही घेऊन कुठेही उभे राहिलात की प्रश्न येणारच : “कायचा सर्व्हे करून राहिले जी?” या प्रश्नाला एका वाक्यात, खरं आणि साध्या शब्दांत उत्तर देता आलं पाहिजे. आरशासमोर पाठ करा. माझं वाक्य असं होतं : “कूलर अजून चांगला कसा करता येईल ते शिकायला आले आहे, तुम्ही रोज करता तसंच करा, मी बाजूला बसून पाहते.” ‘युजर रिसर्च’ वगैरे शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा. गळ्यात ओळखपत्राची पट्टी अडकवून गेलात की माणसं सावध होतात. माझ्या बाबतीत दोन घरांना वाटलं की मी विजेचं मीटर तपासायला आले. एका आजोबांना वाटलं, एखादी योजना आहे, यादीत नाव लागेल. हा गैरसमज तिथल्या तिथे दूर करायचाच. खोट्या आशेवर मिळालेला चहासुद्धा घेऊ नये.

परवानगी तीन वेळा वेगवेगळी घ्या : बसायची, लिहायची आणि फोटो काढायची. बसायला ‘हो’ म्हणाले म्हणजे फोटोला हो म्हणाले असं होत नाही. कागद मराठीत किंवा हिंदीत असावा, वाचून दाखवावा, आणि ‘मध्येच थांबा म्हणालात तर मी थांबेन’ हे तोंडानं सांगावं. लहान मूल असेल तर आईबापांना विचारा आणि त्या मुलालाही विचारा. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही संमती आणि हेतू यांवरच उभा आहे : माहिती कशासाठी घेतली ते सांगायचं आणि तेवढ्यासाठीच वापरायची. दवाखाना, शासकीय कार्यालय, मेट्रो स्टेशनचा आतला भाग इथे आधी लेखी परवानगी काढा. त्यात पंधरा दिवस जातात, ते वेळापत्रकात धरा.

दुपारी घरात बहुधा बायका आणि मुलंच असतात. मुलग्यांनी एकट्यानं जाऊ नये; सोबत एखादी सहकारी असू द्या. पण दोघांपेक्षा जास्त नको, नाहीतर घरात वऱ्हाड आल्यासारखं होतं. मानधन द्यायचं असेल तर आधीच सांगा आणि दिवस कसाही गेला तरी द्या. पन्हं पुढे आलं तर घ्या.

एक गोष्ट निरीक्षणाच्या वर

पाहणाऱ्यानं मध्ये पडू नये, असं शिकवलं जातं. मी त्याला एक अपवाद ठामपणे करते. चालू कूलरमध्ये, प्लग लावलेला असताना, ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून कोणी पाणी ओतत असेल तर लगेच बोला. कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पाणी टाकण्याआधी बटण बंद करा आणि प्लग काढा, असं महावितरण दरवर्षी सांगतं. त्या दिवशी नात स्टुलावर चढली तेव्हा कूलर चालू होता. मी पहिल्या खेपेला लिहीत बसले, दुसऱ्या खेपेला उठून प्लग काढला. पहिल्या खेपेला का उठले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. निरीक्षण मोडलं तर मोडू द्या. आणि प्लग इतक्या मागे होता की ती मुलगी एरवीही तो काढू शकली नसती, हे उठल्यामुळेच माझ्या लक्षात आलं.

वहीत काय लिहायचं

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. या कामातला निम्मा अभ्यास या रेघेत आहे. नवखा लिहितो : “काकू कूलरला कंटाळल्या आहेत.” हे वाटलं. दिसलं काय होतं? माझ्या वहीतलं एक पान असं होतं :

1:45. नात (चौथीतली) प्लास्टिकचं स्टूल ओढत आणते. बादली अर्धी, दोन्ही हातांनी. झाकण डोक्यानं वर धरते. पाणी ओतताना थोडं भिंतीवर. कूलर चालू.
1:50. काकू आतून : “मोटर सुकी चालून राहिली होती, ऐकू नाही आलं का?”
1:52. नात खाली उतरते. स्टूल तिथेच. फरशीवर ओल, हातभर.

उजवीकडे एकच ओळ होती : “काकू आवाजावरून ओळखतात?” प्रश्नचिन्हासह. संध्याकाळी विचारलं तर खरंच तसं होतं. टाकीतलं पाणी खाली गेलं की पंपाचा आवाज बदलतो, कूलरच्या बाजूंना लावलेल्या ताट्यांवरून पाणी पडण्याचा आवाज थांबतो, आणि स्वयंपाकघरातून ते कळतं. कूलरवर पाण्याची पातळी दाखवणारा एक तरंगता काटा होता. दिवसभरात त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही. काटा खिडकीबाहेरच्या बाजूला होता, माणसं खिडकीच्या आत.

काय पाहायचं ते सुचत नसेल तर एक जुनी युक्ती उपयोगी पडते. शिकागोच्या डॉब्लिन या डिझाइन संस्थेतल्या संशोधकांनी 1991 मध्ये इंग्रजीतल्या ए-ई-आय-ओ-यू या पाच स्वरांवर ती बसवली. मराठीत सांगायचं तर कामं, जागा, देवाणघेवाण, वस्तू आणि माणसं. पानाच्या कडेला हे पाच शब्द लिहून ठेवा आणि अडलात की एकेकावर नजर टाका. मात्र रकाने भरायच्या नादात समोरचं सुटू देऊ नका. मी ही यादी शेवटी उघडते, काय राहिलं ते पाहायला. बहुतेक वेळा ‘जागा’ राहिलेली असते : ऊन कुठून येतं, प्लग कुठे आहे, बादली भरायचा नळ किती पावलांवर. पावलं मोजा, कच्चा नकाशा काढा.

माणसांचं बोलणं त्यांच्याच शब्दांत लिहा. “मोटर सुकी चालून राहिली” याचं “पंपाला पाणी मिळत नव्हतं” असं करू नका. पहिल्या वाक्यात कान आहे, दुसऱ्यात तो जातो. ‘भरणं’ आणि ‘पाणी टाकणं’ यांतला फरकही मूळ शब्द तसेच ठेवल्यामुळेच सापडला.

त्याच रात्री वही पुन्हा उघडा आणि तुटक ओळी पूर्ण करा. झोपून उठलात की निम्मं गेलं. एक प्रत दुसरीकडे ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 मध्ये म्हैसूरजवळच्या एका गावात राहून अभ्यास केला. त्या टिपणांवर त्यांनी वर्षानुवर्षं मेहनत घेऊन तयार केलेल्या तिन्ही प्रती 1970 मध्ये अमेरिकेत एकाच आगीत जळाल्या, कारण त्या एकाच खोलीत होत्या. पुढे त्यांना बरंचसं आठवणीवर लिहावं लागलं. तुमच्या-माझ्याकडे तेवढी आठवण नाही.

साधनांविषयी फार बोलत नाही. खिशात मावणारी वही, दोन पेन, मोबाइल. व्हिडिओ शक्यतो नको. कॅमेरा लागला की काकू साडी बदलून येतात.

बोलायचं केव्हा

निघण्याआधीचा अर्धा तास. तोवर तोंड बंद ठेवणं जमत नाही, हे मला माहीत आहे, तरी ठेवा. आणि बोलताना शिकाऊ माणसासारखं बोला : “हे तुम्ही आत्ता जसं केलंत तसं मला करायला लावा.” मी बादली उचलली तेव्हा कळलं की खिडकीच्या उंचीला भरलेली बादली माझ्याच्यानंही जात नाही. अर्धी बादली हा नातीचा आळस नव्हता.

‘का’ जपून विचारा. “काहून असं करता?” म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो आणि एखादं शहाणं कारण तयार करून देतो. “मग काय झालं?”, “काल पण असंच झालं का?”, “हे कोणी शिकवलं?” अशानं खरं बाहेर येतं.

दोन माणसं मिळून एखादं काम करत असतील तर ती संधी सोडू नका. मानवशास्त्रज्ञ लूसी सचमन यांनी 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या संशोधन केंद्रात फोटोकॉपी यंत्र वापरणाऱ्यांचं चित्रण केलं ते जोडी-जोडीनं. एकटा माणूस मनात विचार करतो. दोघं असले की एकमेकांना सांगता-सांगता तो विचार आपोआप ऐकू येतो. मेट्रोच्या तिकीट यंत्रासमोर उभी असलेली आई आणि कॉलेजातला मुलगा जवळून ऐका. काय अडतंय ते तुम्ही न विचारता कळेल.

जुगाडापाशी थांबा

स्टँडच्या एका पायाखाली वीट. झाकण उघडं राहावं म्हणून खिळ्याला बांधलेली सुतळी. पाईप निसटू नये म्हणून तोंडाला गुंडाळलेला जुन्या ओढणीचा तुकडा. बटणाच्या चकतीवर नेलपॉलिशचा लाल ठिपका, रात्री किती वेगावर ठेवायचं त्याची खूण. यातलं प्रत्येक म्हणजे घरातल्या माणसानं केलेली दुरुस्ती, आणि ती मूळ वस्तूत काय कमी होतं ते नेमकं सांगते. त्याचा फोटो (विचारून) काढा आणि तो जुगाड कधीपासून आहे ते विचारा. ‘तीन उन्हाळे झाले’ असं उत्तर आलं, तर तीन वर्षं ती अडचण कोणीतरी रोज सोसली आहे. हसू नका. घरातलेच लोक लाजून सुतळी काढायला लागतात, तेव्हा त्यांना थांबवा.

परत आल्यावर

एका चिठ्ठीवर एकच दिसलेली गोष्ट, कोपऱ्यात घराची खूण : घर क, घर ख. नावं कुठेही नाहीत. चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवा, जवळच्या गोष्टी जवळ सरकवा. गटांना नावं द्यायची घाई करू नका. आमच्या भिंतीवर एक ढीग ‘आवाज’ असा झाला आणि एक ‘उंची’ असा. टाकीच्या आकाराचा ढीग सगळ्यात लहान होता. कंपनीला मोठी टाकी हवी होती. आम्ही सांगितलं की पाणी टाकायचं तोंड खाली आणा, आतल्या बाजूनं काढा, आणि पाणी संपत आलं की पंप बंद होऊन काहीतरी ऐकू येऊ द्या. त्यांना ते पटायला बराच वेळ लागला. आम्ही तक्ते न दाखवता वहीतलं 1:45 चं पान मोठं करून दाखवलं.

अहवालात ‘नागपूरकर असं करतात’ असं लिहू नका. चार घरं पाहिलीत तर चार घरं म्हणा. टक्केवारी काढू नका. चारपैकी तीन म्हणजे पंच्याहत्तर टक्के हे गणितात ठीक, कामात फसवं. त्याऐवजी कोण पाहायचं राहिलं त्याची यादी करा. आमच्या यादीत भाड्याच्या एका खोलीत तिघं मिळून एक कूलर वापरणारी मुलं नव्हती. दुपारभर उन्हात गाडी लावणारे इस्त्रीवाले नव्हते. टँकरच्या पाण्यावर चालणारी वस्ती नव्हती, जिथे कूलरमध्ये टाकलेली प्रत्येक बादली पिण्याच्या पाण्यातून कमी होते. दुसऱ्या वर्षी आम्ही तिथून सुरुवात केली.

आणि त्याच घरांत एकदा हंगाम संपताना जा. जूनमध्ये दोन-तीन पाऊस पडले की कूलर खिडकीतून उतरतात. वाळलेल्या ताट्या निघतात, त्यांच्यावर पाण्यातल्या क्षारांचा पांढरा थर असतो, टाकीच्या तळाचा पत्रा गंजलेला दिसतो. कुठे टाकी रिकामी करायची राहते आणि साचलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. तळातलं शेवटचं चार बोटं पाणी कसं काढतात ते तेव्हाच दिसतं. आमच्या काकूंनी जुन्या चादरीचं एक टोक टाकीत बुडवलं, दुसरं बाहेर खाली सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी टाकी कोरडी होती. ती चिठ्ठी मी त्याच दिवशी भिंतीवर लावली, ‘उंची’च्या शेजारी.